जकार्डच्या जुन्या फ्लॉपी: मशीनवर चालतात, कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करा’ म्हणतो

ताणाबाणा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचा कारखाना आहे. दोन मागांवर जुनी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आहेत, म्हणजे डिझाइनप्रमाणे ताण्याचे उभे धागे हूकने उचलणारी यंत्रणा, १३४४ हूकची. कंट्रोल बॉक्सला साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह आहे आणि सगळी डिझाइनं फ्लॉपीवरच आहेत. साधारण चाळीसेक फ्लॉपी असतील. ती ड्राइव्ह आता कधी चालते, कधी चालत नाही, म्हणून सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचंय.

यूएसबीची बाहेरून लावायची फ्लॉपी ड्राइव्ह आणली. काही फ्लॉपी सरळ उघडल्या. बऱ्याच फ्लॉपींना ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करायची का?’ असं विचारायलंय, पण त्याच फ्लॉपी मशीनवर व्यवस्थित लोड होतात. काही मात्र दोन्हीकडे अडकतात आणि ड्राइव्ह नुसती टक-टक करत राहते.

विचारायचंय ते असं. फ्लॉपीवर डेटा नक्की कसा बसतो, की मशीनला दिसतो आणि कॉम्प्युटरला दिसत नाही? उतरवून घ्यायचा सुरक्षित मार्ग कोणता? आणि पेन ड्राइव्हवर चालणारी फ्लॉपी ड्राइव्ह मिळते म्हणतात, ती जकार्डला चालेल का?

सातरस्ता

आधी एक काम करा: प्रत्येक फ्लॉपीची राइट-प्रोटेक्टची पट्टी सरकवून खिडकी उघडी करा. साडेतीन इंचीत खिडकी उघडी म्हणजे लिहिणं बंद. (सव्वापाच इंचीत उलटं असायचं, तिथे खाच झाकली की लिहिणं बंद.) ‘फॉरमॅट करायची का’ला प्रत्येक वेळी ‘नाही’. विंडोज ९५ आणि ९८ तर नुसती फ्लॉपी पाहताना पहिल्या सेक्टरमधली ८ अक्षरं परस्पर बदलायचे. कॉम्प्युटरला त्याने काही होत नाही, पण एखाद्या मशीनचा कंट्रोलर नेमकी तीच अक्षरं तपासत असेल तर तो फ्लॉपी नाकारतो. खिडकी उघडी असली की हा धोकाच राहत नाही.

आता आत काय असतं ते.

प्लास्टिकच्या कवचात पॉलिएस्टरची पातळ चकती असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोहाच्या ऑक्साइडचा लेप. मधल्या धातूच्या हबला धरून मोटर चकती मिनिटाला ३०० फेरे फिरवते, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा. खालून एक आणि वरून एक अशी वाचणारी-लिहिणारी दोन हेडं चकतीला प्रत्यक्ष टेकतात. हार्ड डिस्कमध्ये हेड तरंगतं, इथे ते घासतं. धूळ आणि रुईचे तंतू फ्लॉपीला इतके नडतात ते यामुळे.

हेड आत-बाहेर नेण्याचं काम स्टेपर मोटर करते. ती एका पायरीला एक ट्रॅक सरकते. ट्रॅक म्हणजे चकतीवरचं डेटाचं एक वर्तुळ. प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक असतात, इंचाला १३५, म्हणजे दोन ट्रॅकमधलं अंतर ०.१९ मिलिमीटरच्या आसपास. आपण कुठल्या ट्रॅकवर आहोत हे स्टेपरला स्वतःहून कळत नाही. म्हणून ड्राइव्ह सुरुवातीला हेड बाहेरच्या टोकाला आणते, तिथला सेन्सर ‘शून्य ट्रॅक’ सांगतो आणि पुढे नुसत्या पायऱ्या मोजल्या जातात. वाचताना सेक्टर सापडला नाही की कॉम्प्युटर हेड परत शून्यावर नेऊन पुन्हा मोजायला लावतो. तुम्हाला ऐकू येणारी टक-टक बहुतेक तीच.

जकार्डच्या पुठ्ठ्याच्या कार्डात भोक आहे की नाही एवढंच बघायचं असतं. फ्लॉपीचंही तसंच असेल, उत्तर ध्रुव म्हणजे १ आणि दक्षिण ध्रुव म्हणजे ०, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. हेडला चुंबकत्वाची दिशा कळत नाही, दिशा *बदलली* की तिच्या तारेत विजेचा छोटा ठोका उमटतो, तेवढाच कळतो. म्हणून माहिती असते ती दोन ठोक्यांमधल्या वेळात. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत एका बिटला २ मायक्रोसेकंद मिळतात. बिट १ असेल तर त्या वेळेच्या मध्यावर ठोका. बिट ० असेल तर मध्यावर काही नाही, पण लागोपाठ दोन शून्यं आली तर त्यांच्या सीमेवर एक ठोका. या पद्धतीला एमएफएम म्हणतात. परिणाम असा की दोन ठोक्यांमधलं अंतर फक्त २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंद असू शकतं. ७२० केबीच्या फ्लॉपीत सगळं दुप्पट: ४, ६ किंवा ८. दोन्हींचे ट्रॅक तेवढेच आणि वेगही तोच, फरक फक्त या वेळेचा.

याच्या वर सेक्टर, म्हणजे ट्रॅकचे ठरावीक तुकडे. एका फेऱ्यात १,००,००० बिट बसतात, म्हणजे १२,५०० बाइट. त्यातले कामाचे १८ सेक्टर गुणिले ५१२, म्हणजे ९,२१६. उरलेल्या जागेत प्रत्येक सेक्टरच्या आधी खुणेचे तीन खास बाइट असतात. त्यांत एक ठोका मुद्दाम गाळलेला असतो, त्यामुळे साध्या डेटात तो नमुना कधीच येत नाही आणि कंट्रोलरला सुरुवात ओळखू येते. मग ट्रॅक, बाजू, सेक्टरचा नंबर, लांबी आणि तपासणीची बेरीज, म्हणजे सीआरसी. त्यानंतर थोडी मोकळी जागा, मग ५१२ बाइट डेटा, परत सीआरसी, परत मोकळी जागा. ती मोकळी जागा वाया गेलेली नसते. दोन ड्राइव्हच्या मोटरच्या वेगात थोडा फरक असतोच. एकीवर लिहिलेला सेक्टर दुसरीवर पुन्हा लिहिताना शेजारच्यावर चढू नये म्हणून ती सोडलेली असते.

एकूण हिशेब: ८० × २ × १८ × ५१२ = १४,७४,५६० बाइट. हीच ती ‘१.४४ एमबी’. ७२० केबीची, नऊ सेक्टरवाली, त्याच्या निम्मी, ७,३७,२८० बाइट.

आतल्या ट्रॅकचा घेर बाहेरच्यापेक्षा बराच कमी, साधारण २४८ मिलिमीटरवरून १४६ पर्यंत येतो. बिट मात्र तेवढेच बसवायचे असतात. त्यामुळे आतल्या ट्रॅकवर ठोके दाटीने येतात आणि एकमेकांना सरकवतात. चकती जुनी झाली की साधारणपणे आतले ट्रॅक आधी बोंबलतात.

सगळ्यात वर फाइलींची मांडणी. डॉसच्या, म्हणजे जुन्या पीसीच्या पद्धतीच्या, १.४४ एमबी फ्लॉपीत शून्य नंबरचा सेक्टर बूटचा, १ ते ९ आणि १० ते १८ या फॅट तक्त्याच्या (कुठल्या फाइलीचे तुकडे कुठे आहेत त्याची नोंद) दोन प्रती, १९ ते ३२ फाइलींची यादी, ३३ पासून डेटा. म्हणजे यादी आणि तक्ते सगळे शून्य ट्रॅकवर, दोन बाजूंना. तेवढा एक ट्रॅक बिघडला तरी ‘फॉरमॅट केलेली नाही’ असं येतं आणि मागे सगळं डिझाइन शाबूत असतं. फॅटच्या दुसऱ्या प्रतीवरून आणि तशाच दुसऱ्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरवरून ते परत जोडता येतं, पण हे काम नेहमी उतरवलेल्या इमेजवर, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीच्या सेक्टरनिहाय प्रतीवर करायचं, मूळ फ्लॉपीवर कधीच नाही.

जुळेसोलापूर

सातरस्ता यांनी पाया सांगितला. मशीनवर चालते आणि कॉम्प्युटरवर नाही, याचं सगळ्यात नेहमीचं कारण मात्र त्यात राहिलं.

फ्लॉपी हातात घेऊन बघा. राइट-प्रोटेक्टच्या खिडकीसमोरच्या कोपऱ्यात दुसरं चौकोनी भोक आहे का? ते भोक म्हणजे ‘हाय डेन्सिटी’ची खूण. जुन्या मशीनच्या कित्येक ड्राइव्ह ७२० केबीच्या असतात, त्यांना हे भोक बघणारा सेन्सरच नसतो. बाजारात पुढे १.४४ च्याच फ्लॉपी मिळायच्या, त्या मशीनमध्ये घातल्या आणि मशीनने त्यावर ७२० चं फॉरमॅट टाकलं. मशीनला ते वाचता येतं. कॉम्प्युटरची ड्राइव्ह मात्र भोक बघून १.४४ धरते, २-३-४ मायक्रोसेकंदांचे ठोके शोधते आणि तिला ४-६-८ चे मिळतात. तिच्या दृष्टीने फ्लॉपी कोरी.

उपाय: भोकावर काळी इन्सुलेशन टेप, दोन्ही बाजूंनी, कडेला नीट दाबून, आणि फ्लॉपी पुन्हा घाला. पारदर्शक सेलोटेप नको, काही ड्राइव्हचा सेन्सर प्रकाशावर चालतो. टेपचं टोक सुटं राहिलं तर ते ड्राइव्हमध्ये अडकतं आणि फ्लॉपी बाहेर निघत नाही. उघडली तर लगेच पूर्ण इमेज काढा. इमेजचा आकार नेमका ७,३७,२८० बाइट आला पाहिजे. आणि नुसत्या फाइली कॉपी करून थांबू नका. काही कंट्रोलर यादीच्या बाहेरच्या सेक्टरमध्येही खुणा ठेवतात.

तुमच्या १३४४ हूकच्या जकार्डला बाण्याच्या एका आडव्या धाग्याला, दर हूकला एक बिट धरून, कच्च्या स्वरूपात १३४४ ÷ ८ = १६८ बाइट लागतात. ४,००० बाण्यांच्या डिझाइनला ६,७२,००० बाइट. म्हणजे मोठं डिझाइन असेल तर एका फ्लॉपीवर एकच बसतं आणि चकती शेवटपर्यंत, म्हणजे अगदी नाजूक आतल्या ट्रॅकपर्यंत भरते. इमेज काढताना शेवटच्या ट्रॅकवर ‘वाचता येत नाही’ आलं तर ‘थोडंसंच राहिलंय’ म्हणून सोडू नका. चादरीच्या शेवटच्या बाण्यांचं डिझाइन तिथेच असतं.

ताणाबाणा

मोठंच काम झालं! टेप लावल्यावर निम्म्याहून जास्त फ्लॉपी उघडल्या, ७२० दाखवतायत. इमेजचा आकारही बरोबर आला.

आता उरल्या दोन प्रकारच्या. काहींवर टेप लावूनही ‘फॉरमॅट करा’च येतंय, मशीनवर मात्र चालतात. आणि सात-आठ फ्लॉपी दोन्हीकडे चालत नाहीत, त्यातल्या एकीचा घासल्यासारखा आवाज येतो.

पुणेनाका

घासल्याचा आवाज आला की फ्लॉपी ताबडतोब बाहेर काढा आणि हेड साफ केल्याशिवाय त्या ड्राइव्हमध्ये दुसरी घालू नका. लेपाचा किंवा बुरशीचा कण हेडला चिकटतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर गोल ओरखडा पाडतो. एक खराब फ्लॉपी अशी दहा चांगल्या फ्लॉपी खाते. मशीनच्या ड्राइव्हमध्ये ती घातली असेल तर तिथलंही हेड साफ करा.

हेड साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि घट्ट गुंडाळलेला कापसाचा बोळा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. बोळा ओला, पण ठिबकणारा नको. खालच्या हेडवर हलकेच फिरवा. वरचं हेड पातळ स्प्रिंगच्या पट्टीवर असतं. ते अगदी गरजेपुरतंच उचला. पट्टी वाकली की ड्राइव्ह कायमची गेली. पाच मिनिटं वाळू द्या. कारखान्यातल्या ड्राइव्हमध्ये रुई साठलेली असते, ती ब्रशने काढा. कंप्रेसरची हवा मारू नका, त्यात तेल आणि पाण्याचे थेंब असतात.

आता फ्लॉपी तपासणं. बोटाने शटर बाजूला धरा, मागचा धातूचा हब फिरवा आणि चकतीवर तिरपा प्रकाश पाडा. चांगली चकती एकसारखी गडद दिसते. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी, पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्यांवर हमखास येते. चकचकीत गोल रेघ म्हणजे ओरखडा. रेघेतून पलीकडचा उजेड दिसला तर लेपच निघालाय, तिथला डेटा परत येणार नाही. बाकीचे ट्रॅक मात्र येऊ शकतात.

बुरशी साफ करायची असेल तर कवच उघडावं लागतं. शटर अलगद काढा, त्याची छोटी स्प्रिंग उडते. कवचाच्या कडा पातळ पात्याने सोडवा आणि चकती हबला धरून बाहेर काढा. लेपाला बोट लावू नका. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि भांडी घासायच्या साबणाचे एक-दोन थेंब, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा, मग हवेवर पूर्ण वाळवायची. उन्हात अजिबात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, पत्र्याखाली तर अजून जास्त, पॉलिएस्टर वाकतं आणि वाकलेली चकती हेडपासून उचलली जाते. वाळलेली चकती एखाद्या *नव्या* फ्लॉपीच्या कवचात घाला. जुन्या कवचाच्या आतल्या मऊ अस्तरात बुरशी तशीच असते, ती लगेच परत लागते. हब खालच्या बाजूला येईल हे बघा, उलटी बसली तर ड्राइव्ह धरणारच नाही.

टेप लावूनही न उघडणाऱ्या, पण मशीनवर चालणाऱ्या फ्लॉपींची दोन कारणं संभवतात. एक, मशीनचं फॉरमॅट डॉसचं नाही. दोन, मशीनच्या ड्राइव्हचं हेड अलाइनमेंटमधून सरकलंय. ०.१९ मिलिमीटरच्या अंतरात हेड थोडं जरी बाजूला बसलं तरी स्वतः लिहिलेलं स्वतःला वाचता येतं आणि दुसऱ्या ड्राइव्हला दोन ट्रॅकच्या मधलंच ऐकू येतं. ओळखायला सोपं आहे. एक कोरी फ्लॉपी मशीनवर फॉरमॅट करून तिच्यावर एक छोटं डिझाइन सेव्ह करा आणि कॉम्प्युटरला लावा, भोकावर टेप लावून. मशीनने पूर्वी लिहिलेल्या जुन्या फ्लॉपी उघडतात आणि आजची उघडत नाही, असं झालं तर अलाइनमेंट मध्येच कधीतरी सरकलंय. तसं असेल तर मशीनची ड्राइव्ह अजून बदलू नका, फेकूही नका. त्या फ्लॉपी वाचणारी कदाचित तीच एकटी उरली आहे.

यूएसबी ड्राइव्हचा इथे उपयोग नाही. ती आतल्या आत सेक्टर जुळवून देते, जुळला नाही तर फक्त ‘चूक’ म्हणते, ठोके काही दाखवत नाही. त्यासाठी ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड येतो. त्याला कॉम्प्युटरच्या आतली ३४ पिनांची ड्राइव्ह जोडतात, दुसरीकडे यूएसबी. तो सेक्टरचा विचारच करत नाही, प्रत्येक ट्रॅकचे तीन-चार फेरे घेऊन दोन ठोक्यांमधली वेळ जशीच्या तशी नोंदवतो. १६० ट्रॅक × ३ फेरे × ०.२ सेकंद, म्हणजे फ्लॉपीला दोनेक मिनिटं. एकदा ही नोंद हातात आली की फॉरमॅट डॉसचं असो वा नसो, अर्थ लावायचं काम नंतर निवांत करता येतं आणि फ्लॉपी पुन्हा घासावी लागत नाही. अलाइनमेंटच्या फ्लॉपींसाठी मशीनची मूळ ड्राइव्ह काढून याच बोर्डाला जोडायची.

सातरस्ता

पुणेनाका यांच्या सांगण्यात एक भर. अर्धवट वाचणाऱ्या फ्लॉपीवर शंभर-शंभर वेळा प्रयत्न करणारी सॉफ्टवेअरं लावू नका. घासण्याने लेप अजून जातो. आधी जे सहज येतंय ते एका फेरीत उतरवा, मग हेड साफ करून फक्त राहिलेल्या ट्रॅकवर या. राहिलेल्या ट्रॅककडे एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर असं जा. हेड सरकवणाऱ्या स्क्रूच्या ढिलाईमुळे हेड दोन्ही वेळा किंचित वेगळ्या जागी थांबतं, आणि कधीकधी तेवढ्याने सेक्टर मिळतो. दोन वेगळ्या ड्राइव्हवर वेगवेगळे सेक्टर आले तर ते एका इमेजमध्ये जोडता येतात, सीआरसी बरोबर आलेला सेक्टर डोळे झाकून घ्यावा.

बाळीवेस

पेन ड्राइव्हच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. गोटेक नावाचा एम्युलेटर, म्हणजे मशीनसमोर फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारा डबा, साडेतीन इंची ड्राइव्हच्याच मापाचा असतो, त्याच खाचेत बसतो, एम्ब्रॉयडरी मशीनवाले सर्रास वापरतात. जकार्डला चालतो, पण घेतला आणि लावला असं होत नाही.

घेताना तो ७२० चा की १.४४ चा ते बघा. मूळ सॉफ्टवेअरवर हे ठरलेलं असतं, आणि पेन ड्राइव्हही त्यांच्या खास पद्धतीने तुकडे पाडून तयार करावा लागतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की साध्या फॅट३२ पेन ड्राइव्हवर ठेवलेल्या इमेज फाइली तो सरळ वाचतो, दोन्ही आकारांच्या. वर सांगितलेल्या ग्रीझवीझलच्या नोंदी एचएफई या फाइल प्रकारात बदलल्या तर डॉस नसलेलं फॉरमॅटही चालतं. नव्या गोटेकमध्ये हे टाकायला दोन्ही टोकांना यूएसबी-ए असलेली केबल लागते.

जोडताना मूळ ड्राइव्हचे फोटो काढून ठेवा: केबलची लाल तार कुठल्या टोकाला, जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) कुठे. सुरू केल्यापासून दिवा सतत पेटलेलाच राहिला तर ३४ पिनांची केबल उलटी बसलीय. मशीन बंद करून फिरवा. दिवा अजिबातच पेटला नाही तर ड्राइव्ह सिलेक्टचा जंपर चुकलाय. कॉम्प्युटरच्या केबलमध्ये १० ते १६ नंबरच्या तारा मुरडलेल्या असतात, म्हणून तिथल्या सगळ्या ड्राइव्ह एस१ वर असतात. मशीनची केबल बहुधा सरळ असते, तिथे एस० (ड्राइव्हवर डीएस० असंही लिहिलेलं असतं) लागतो. दिवा पेटतो, पण मशीन ‘डिस्क तयार नाही’ म्हणत बसलं तर ३४ नंबरची पिन बघा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये ती ‘फ्लॉपी बदलली’ असं सांगते, जुन्या शुगार्ट पद्धतीच्या मशीनला तिथे ‘तयार आहे’ हा इशारा हवा असतो. फ्लॅशफ्लॉपीच्या सेटिंग फाइलमध्ये इंटरफेस शुगार्ट केला की हा प्रश्न सुटतो. काही कंट्रोल बॉक्समध्ये ३४ पिनांऐवजी २६ तारांची चपटी पट्टी असते, तिला वेगळा अडॅप्टर लागतो. ऑर्डर द्यायच्या आधी झाकण उघडून बघा.

विजेला गोटेकला फक्त ५ व्होल्ट लागतात. मागाच्या पॅनेलमधला सप्लाय जुना असेल तर मीटर लावून मोजा, ४.७५ च्या खाली असेल तर आधी सप्लाय दुरुस्त करा.

ताणाबाणा

झाकण उघडलं. ३४ पिना आहेत, केबल सरळ आहे, जंपर डीएस० वर आहे. सप्लाय ४.९ दाखवतोय. नव्या कोऱ्या फ्लॉपी कुठे मिळतील का? कवचं लागतील ना, बुरशीवाल्यांसाठी.

जुळेसोलापूर

सोनीने मार्च २०११ मध्ये जपानमधली विक्री थांबवली. आता ‘नव्या’ म्हणून मिळतात त्या जुन्या साठ्यातल्या. कवचांसाठी नव्याच हव्यात असं नाही, चकती ओरखडलेली पण अस्तर कोरडं आणि स्वच्छ असलेली कुठलीही चालेल. स्टेशनरीच्या जुन्या दुकानांत आणि भंगारात विचारा. घेताना शटर सरकवून अस्तरावर ठिपके नाहीत ना ते बघा, आणि हबजवळ गंज असेल तर घेऊ नका. तुमचा जंपर डीएस० वर आहे, तेव्हा गोटेकवर एस० ठेवूनच सुरुवात करा.